एकांताची वहिवाट

मनुष्य हिशेब करीत बसला असता त्याच्याशी कोणी बोलू नये, दाढी करीत असता त्याला हाक मारू नये, जेवत असता त्याला पानावरून उठवू नये, आणि दुपारी निजला असता तर दारावरची कडीसुद्धा वाजवू नये, इतकी सभ्यता आपल्या समाजात अद्याप शिल्लक आहे. 'मास्तर झोपले आहेत' एवढे सांगितले, की जप्तीचा हुकूम घेऊन आलेला बेलिफदेखील 'मग चारनंतर येतो' म्हणून आल्या पावली परत फिरेल. परंतु त्याच बेलिफाला 'मास्तर प्रार्थना करीत आहेत' असे सांगून पाहावे. तो पायताण काढील, ओटीवरची खुर्ची ओढून ऐसपैस बसेल, आणि 'चालू द्या, चालू द्या, माझे दोनच मिनिटांचे काम आहे' असे आतल्या दिशेने तोंड करून मोठ्याने कळवील. प्रार्थना करणारा मनुष्य रिकामा असतो, ही समजूत इतकी प्राचीन, इतकी सार्वत्रिक आणि इतकी दृढमूल आहे की तिच्याविरुद्ध कोणत्याही दरबारी दाद लागणे नाही. आणि माझा आपला एक संशय असा आहे, की जगाने ती आम्हा प्रार्थना करणारांकडूनच उचलली असावी.

डोंगरावरील प्रवचनात, हमरस्त्यांच्या कोपऱ्यांवर उभे राहून जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या नजरेत भरेल अशा बेताने प्रार्थना करणाऱ्या दांभिकांची हजेरी घेऊन झाल्यावर, प्रभू येशूने आपल्या अनुयायांना खोलीत जाऊन, दार लावून, अदृश्य पित्याशी बोलण्याची आज्ञा केली, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे आणि संडे स्कूलमधल्या पोरालाही तोंडपाठ आहे. आज्ञेत संदिग्ध असे काही नाही. मात्र तीत एक स्वतंत्र खोली, त्या खोलीला दार, आणि ते दार लावण्याचा हक्क, अशी तीन प्रकारची मालमत्ता गृहीत धरलेली आहे, आणि गालीलातील कोळ्याशेतकऱ्यांपैकी कितीजणांपाशी ती होती हा प्रश्नच आहे. तेथील साध्या घरांतून सगळे कुटुंब एकाच जागेत राही, शिजवी आणि निजे, व दार लावता येईल अशी जागा म्हणजे बहुधा धान्यतेलाची कोठी, असे भाष्यकार सांगतात. हे वाचून मला मोठा धीर आला. कारण ज्या मिशनच्या चाळीत माझे लहानपण गेले तेथे दोन खोल्या आणि त्यांच्या दरम्यान दाराच्या ठिकाणी एक फुलाफुलांचा पडदा, अशी व्यवस्था असल्यामुळे, आज्ञापालनास योग्य अशी जागा आमच्याही घरी कोठीचीच होती. तेथे बाजरीच्या पोत्याशेजारी कोणी गुडघे टेकले, की ज्या फोडणीला आठवडाभर हिंग लागला नव्हता तिला नेमका त्याच क्षणी हिंग लागे.

पुढे सुधारणा झाली, सदनिका आल्या, खोलीखोलीला दार आले. पण दार आतून लावून बसलेल्या मनुष्याविषयी कुटुंबाला पहिली शंका येते ती तो रुसल्याची, दुसरी येते ती प्रकृती बिघडल्याची, आणि तो देवाशी बोलत असेल ही शंका शेवटपर्यंत कोणालाच येत नाही. न्हाणीघर तेवढे निर्विवाद खासगी. म्हणून आमच्या मंडळीतील एका वडिलांनी आपली सकाळची प्रार्थना तेथेच करण्याचा प्रघात पाडला होता. बराच वेळ पाण्याचा आवाज येईना, तेव्हा घाबरून घरच्यांनी दार फोडण्याची तयारी केली. त्या दिवसापासून ते नळ सोडून प्रार्थना करू लागले, आणि पाणीटंचाईच्या उन्हाळ्यात नाइलाजाने त्यांना ही भक्ती तहकूब ठेवावी लागली.

अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनचे पाय १८३१ साली लागले, आणि तेव्हापासून आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती लोकांचे धर्मजीवन घंटेवर चालत आले आहे. रविवारची उपासना घंटेवर, संडे स्कूल घंटेवर, आठवड्याची प्रार्थनासभा घंटेवर. त्याशिवाय महिला मंडळ, तरुण संघ, भजनी मंडळ, आणि या प्रत्येकाची कार्यकारिणी व त्या कार्यकारिणीने नेमलेली उपसमिती. ज्याला चिटणीस आहे ते आमच्याकडे टिकते, हा शंभर-दीडशे वर्षांचा अनुभव आहे. एकांतातील प्रार्थनेला चिटणीस नाही, खजिनदार नाही, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याची सोय नाही, आणि गणसंख्या एकाच्या वर गेली की सभा आपोआप बरखास्त होते. असले काम कोणी आणि कोणत्या नियमान्वये चालवावे?

चारचौघांतील प्रार्थनेचे मात्र तसे नाही. तिला श्रोते असतात, आणि श्रोते असले की शब्द सुचतात. घरी ज्यांना दोन मिनिटांनंतर देवाशी काय बोलावे हे कळत नाही, अशी माणसे मंडळीपुढे उभी राहिली की वीस-वीस मिनिटे हटत नाहीत; आणि त्या वीस मिनिटांत मागण्या थोड्या व बातम्या फार असतात. 'हे दयाळू पित्या, तुला ठाऊकच आहे, की गेल्या गुरुवारच्या बांधकाम समितीत कौले बदलण्याचा ठराव सात विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाला. त्या पाच बंधूंची नावे तुला सांगण्याचे कारण नाही, ती तू जाणतोसच. तरी त्यांची अंतःकरणे तू मृदू कर,' अशी प्रार्थना मी स्वतः ऐकली आहे, आणि 'आमेन' म्हणताना त्या पाचांपैकी दोघांचा आवाज सर्वांत मोठा होता हेही ऐकले आहे. सर्वज्ञ परमेश्वराला स्थानिक वर्तमान पुरवण्याची ही जबाबदारी आमच्या लोकांनी इतक्या निष्ठेने सांभाळली आहे, की १८४२ पासून निघत आलेल्या आमच्या 'ज्ञानोदया'लाही वार्तांकनाच्या बाबतीत त्यांच्याशी स्पर्धा करणे जड गेले असते.

जाता जाता येथे एक अपवाद नोंदवला पाहिजे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली जे आत्मिक जागरण झाले, त्यात शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, आपापली स्वतंत्र प्रार्थना करीत. पाहणाऱ्यांना तो गोंगाट वाटला. मला मात्र तेथे एकांताची एक नामी युक्ती दिसते. कारण ज्या आवाजात शेजारणीचा शब्द ऐकू येत नाही, त्यात आपलाही शब्द शेजारणीला ऐकू जात नाही, आणि मग देवाखेरीज कोणाला उद्देशून बोलण्यात अर्थच उरत नाही.

एकांत मोडण्याची ही वहिवाट आमच्यापासून सुरू झाली, असे मात्र कोणी समजू नये. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात तिचा दाखला आहे. कफर्णहूमात शिमोन पेत्राची सासू तापातून उठली, सूर्यास्तानंतर सारे नगर दारापाशी लोटले, अनेक रोगी बरे झाले, आणि असा दिवस काढल्यावर प्रभू येशू पहाटे पुष्कळ अंधार असतानाच उठून अरण्यात प्रार्थना करावयास गेला. आता त्या रात्री पेत्राच्या घरी जागरण सगळ्यांनाच झाले असणार. पाहुणे, रोगी, त्यांचे नातलग, नुकतीच तापातून उठलेली आणि लगेच सरबराईला लागलेली सासू, असा सगळा कारभार आटोपून निजलेला मनुष्य सूर्य वर आल्याखेरीज उठू नये, हे न्यायाला धरून झाले असते. पण पेत्र आणि त्याचे सोबती उठले, अंधारातून माग काढीत गेले, त्याला गाठले, आणि सगळे लोक आपला शोध करीत आहेत अशी वर्दी दिली. या वर्दीत किंचित ठपक्याचा सूर आहे, असे मला नेहमी वाटते. दप्तरातून न सांगता उठून गेलेल्या अंमलदाराला शिरस्तेदाराने हुडकून काढावे, तसा काहीसा.

परंतु या मंडळींच्या जागरूकतेची खरी गंमत पुढे गेथशेमानेच्या बागेत कळते. ज्या पहाटे गुरूला एकटे राहावयाचे होते त्या पहाटे हे सर्व टक्क जागे. आणि ज्या रात्री त्याने आपण होऊन, जवळ थांबा, माझ्याबरोबर जागे राहा, अशी विनवणी केली, त्या रात्री हेच पेत्रप्रभृती शिष्य झाडाखाली गाढ झोपलेले, आणि तेही एकदा उठवल्यावर पुन्हा, आणि पुन्हा उठवल्यावर पुन्हा. मनुष्यस्वभावाचे इतके नेमके निरीक्षण करणाऱ्या ग्रंथाला लोक निव्वळ उपदेशपर समजतात, याचे मला आश्चर्य वाटते. आमच्या घरातही ज्याला पहाटे पाचला मी डोळे मिटताच माझ्याशी गणितातील शंका बोलायची असते, तोच चिरंजीव कुटुंबप्रार्थनेला रात्री नऊ वाजता, माझे पहिले वाक्य पुरे होण्याच्या आत, भिंतीला डोके टेकून निद्रावश झालेला असतो.

शिष्यांच्या तावडीतून सुटण्यासाठी तिसऱ्या-चौथ्या शतकांत काही धीरपुरुषांनी थेट वाळवंटाचा रस्ता धरला. इजिप्तचा अँथनी हा त्यांचा मूळपुरुष. एका ओसाड गढीत स्वतःस कोंडून घेऊन त्याने सुमारे वीस वर्षे काढली, आणि त्याची अखेर काय झाली, तर त्याच्यासारखे एकांती होऊ इच्छिणारे लोक इतके जमले की त्यांनी ते दार मोडून काढले. अथानासियसाने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात हा प्रसंग मोठ्या भक्तिभावाने वर्णिला आहे. दार कोणी दुरुस्त केले की नाही, याविषयी मात्र चरित्रकार मौन पाळतो.

त्यानंतरच्या शतकात सिरियातील सिमिऑन या साधूने याहून निराळा, आणि माझ्या मते स्थापत्याच्या दृष्टीने अधिक धाडसी, असा उपाय योजला. आशीर्वादासाठी त्याच्या चामड्याच्या वस्त्राला हात लावायला लोकांची इतकी झुंबड उडे, की तो कंटाळून एका स्तंभावर जाऊन राहिला. स्तंभ सहा हात उंच होता. तेवढ्याने भागेना, तेव्हा बारा हातांचा झाला, मग बावीस, आणि त्याच्या हयातीतच त्याचे वृत्त लिहिणारा थिओडोरेट सांगतो त्याप्रमाणे अखेर छत्तीस हात. उंची वाढली तसा लौकिक वाढला, लौकिक वाढला तशी गर्दी वाढली, आणि गर्दी वाढली तशी पुन्हा उंची वाढवणे भाग पडले; एकांताचा पाठलाग करणाऱ्या मनुष्याची याहून सुबक भूमिती मला दुसरीकडे आढळली नाही. दुपार कलल्यावर हा साधू वरून धर्मोपदेश करी, अर्जदारांचे अर्ज ऐके, वादी-प्रतिवादींचे तंटे तोडी, आणि सूर्यास्ताच्या सुमारास हे सगळे कामकाज बंद करून पुन्हा देवाशी बोलू लागे. म्हणजे जगापासून पळून जाऊन त्याने मिळवले काय, तर छत्तीस हात उंचीवरची एक मामलेदार कचेरी! याउपर थिओडोरेटाच्या एका सोबत्याने, साधू प्रार्थनेत किती वेळा वाकतो हे खालून मोजावयास घेतले, आणि १,२४४ पर्यंत मोजल्यावर तो थकून थांबला. वाकणारा थकला नाही, मोजणारा थकला. आमच्या मंडळीतही असे मोजणारे आहेत. मात्र ते इतक्या लांबवर टिकत नाहीत.

बरे, कोणीच आले नाही तर? येथे प्रकरण नाजूक होते. वाळवंटातील इव्हाग्रियस नावाच्या विद्वान संन्याशाने, जो ३९९ साली निवर्तला, एका पिशाच्चाचे वर्णन करून ठेवले आहे. हे पिशाच्च सकाळी दहाच्या सुमारास एकांतवासी संन्याशाला धरते ते दुपारी दोनपर्यंत सोडत नाही. त्याच्या योगे सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा भासतो, जेवणाची वेळ किती दूर आहे हे पाहण्यास मनुष्य वारंवार बाहेर डोकावतो, आणि कोणी बंधू इकडे येत असेल तर बरे, या आशेने चोहीकडे नजर टाकतो. सोळाशे वर्षांपूर्वीच्या या संन्याशाला शेजारी नव्हते, कुटुंब नव्हते, हिंग मागणारे कोणी नव्हते. आणि तरी तो दाराशी येऊन, कोणी तरी मला अडथळा करा हो, म्हणून वाटेकडे डोळे लावून उभा होता. हे वाचल्यापासून मी बेलिफाला बोल लावण्याचे पुष्कळ कमी केले आहे. कारण 'माझे दोनच मिनिटांचे काम आहे' हा आवाज ऐकून गुडघ्यांवरून उठताना, कपाळावर जरी आठी घातली, तरी गुडघे मनापासून खूश होतात, हे नाकबूल करता येत नाही.

लंडनच्या सेंट पॉलचा डीन जॉन डन हा १६२६ साली एका प्रवचनात जाहीरपणे कबूल करून गेला, की प्रार्थनेसाठी देवदूतांसह देवाला बोलावून आणावे, आणि मग एखादी माशी गुणगुणली, रस्त्यावरून गाडी गेली किंवा दार करकरले, की त्या सर्व थोर पाहुण्यांकडे आपण पाठ फिरवावी, असे आपले चालते. आविलाची तेरेसा ही तर ध्यानप्रार्थनेवरची आचार्य. परंतु तिनेही आत्मचरित्रात सांगून टाकले आहे, की कित्येक वर्षे तिचे निम्मे चित्त, घड्याळाचा ठोका कधी पडतो आणि आपली घटका कधी भरते, इकडेच लागलेले असे. स्त्रीसुलभ प्रांजळपणा म्हणून पुरुषमंडळी या उताऱ्याकडे कौतुकाने पाहतात, आणि हळूच मनगटावरच्या घड्याळाकडेही पाहतात. माझ्यापुरते सांगायचे तर प्रार्थनेइतके गुणकारी स्मरणवर्धक औषध कोणत्याही वैद्यापाशी नाही. हरवलेली छत्री कोणाच्या पडवीत राहिली, विजेचे बिल भरण्याची मुदत कोणती, एका मित्राला उसने दिलेले पैसे त्याने अद्याप परत केलेले नाहीत, अशा ज्या गोष्टी दिवसभर डोके खाजवून आठवत नाहीत, त्या डोळे मिटून 'हे परमेश्वरा' म्हणताच ओळीने हजर होतात. असे आगंतुक विचार कागदावर टिपून ठेवावे म्हणजे मन मोकळे होते, असा सल्ला एका पाळकसाहेबांनी दिला होता. त्याप्रमाणे केले असता प्रार्थनेच्या अखेरीस हातात पडते ती बाजाराची संपूर्ण यादी, आणि पत्नीच्या मते इतका उपयुक्त आत्मिक लाभ मला यापूर्वी कधी झाला नव्हता.

उपाय सांगणारे थोडे नाहीत. पीटर नावाच्या आपल्या न्हाव्याने प्रार्थना कशी करावी असे विचारले, म्हणून मार्टिन ल्यूथरने १५३५ साली त्याच्यासाठी एक छोटे पुस्तकच लिहिले. त्यात, आधी हे काम उरकतो आणि मग तासाभराने प्रार्थना करतो, या विचारापासून सावध राहावे, अशी ताकीद असून, चांगला न्हावी जसा गप्पांच्या नादी न लागता वस्तऱ्यावर आणि केसांवर लक्ष ठेवतो तसे प्रार्थनेत लक्ष ठेवावे, असा दृष्टान्त आहे. गप्पा न मारणारा न्हावी ल्यूथरला विटेनबर्गमध्ये भेटला असेल; आमच्याकडे हा दृष्टान्त लागू पडत नाही.

'शांत समया'वरची आमची पुस्तके पहाटे चारची वेळ सुचवतात. जगातील गलबला सुरू होण्यापूर्वीची ही वेळ, असे त्यांचे म्हणणे. परंतु हे लेखक आमच्या गल्लीत कधी राहिलेले नसावेत. चारला नगरपालिकेचे पाणी येते, आणि ते येताच हंडे, कळश्या, पिंपे व त्यांच्या मालकिणी यांचा संवाद सुरू होतो. त्यापाठोपाठ काकडआरती, अजान आणि दूधवाल्याची फटफटी, ज्याचा त्याचा धर्म ज्याच्या त्याच्या ध्वनिवर्धकावरून जागा होतो. अलीकडे पवित्र शास्त्र मोबाइलमध्ये वाचण्याची सोय झाली आहे. स्तोत्र उघडावे तो वरून एका व्हॉट्सॲप गटाचे 'आजचे वचन' येते, दुसऱ्या गटातून तेच वचन गुलाबाच्या चित्रासह येते, आणि तिसऱ्यात त्याच वचनाखाली मंडळीच्या जमाखर्चावरून वाद चाललेला असतो.

एकांतवास शिबिराचाही अनुभव घेऊन झाला. चाळीस माणसे, दोन बसगाड्या, एक बॅनर, आणि मौनाचे नियम ध्वनिवर्धकावरून समजावून सांगणारे एक उत्साही बंधू. मौन अकरा ते साडेअकरा होते, आणि साडेअकराला चहा असल्यामुळे सव्वाअकरापासून कपबश्यांचा आवाज येऊ लागला. इव्हाग्रियसाचे पिशाच्च त्या दिवशी सुट्टीवर असावे. त्याला करण्यासारखे तेथे काही उरलेले नव्हते.

खरे म्हणजे या कलेत पुरुषांनी बायकांकडे शागिर्दी करावी. एपवर्थच्या पाळकाची पत्नी सुझाना वेस्ली, जॉन आणि चार्ल्स या वेस्ली बंधूंची माता, हिला एकोणीस मुले झाली व त्यांतली नऊ लहानपणीच गेली. उरलेल्यांच्या गलबल्यात तिला प्रार्थना करायची झाली, की ती कमरेचे एप्रन उलटून डोक्यावर घेई, आणि ते तसे दिसले की आईशी आता बोलायचे नाही हे मुलांना समजे, असे सांगतात. स्तंभ नको, गढी नको, हातभर कापडाची खोली! आमच्या आजीची सोय तर याहून साधी होती. ती तांदूळ निवडीत असता तिचे ओठ हलत, आणि ती खडे मोजते आहे असा आमचा समज असल्यामुळे तिला कोणी बोलवीत नसे. ती कामात आहे, असे आम्ही धरून चालत होतो. रिकाम्या मनुष्याला जगात जे मिळत नाही, ते तिने सूप पुढे घेऊन इतक्या बेमालूमपणे मिळवले, की तिच्या प्रार्थनेत आपली नावे येत होती हे आम्हाला ती गेल्यानंतर तिच्या मैत्रिणींकडून कळले.

अँथनीची हकीकत मघाशी गढीच्या दारापाशी राहिली. तेथून निघून तो तांबड्या समुद्राकडच्या एका दुर्गम डोंगरापाशी गेला. माणसे अर्थातच तेथेही पोहोचली. तेव्हा त्याने काय करावे? इतक्या खडतर वाटेने दमून येणाऱ्याच्या तोंडात दोन घास पडावेत म्हणून त्याने थोडी भाजी लावली, असे अथानासियस लिहितो. सिमिऑनने स्तंभ चढवला, अँथनीने वाफा केला. आणि दोघांपैकी कोणाच्या शेजारी राहायला आवडेल असे मला विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता वाफ्याकडे जाईन. ही गोष्ट मी घरी वाचून दाखवली तेव्हा माझ्या पत्नीलाही ती इतकी पटली, की तिने दुसऱ्याच दिवसापासून ओटीवर शंकरपाळ्यांचा एक डबा आणि त्या दिवसाचे वर्तमानपत्र ठेवण्याचा शिरस्ता घातला; मी आत असेन तोवर येणाऱ्याने त्यावर वेळ काढावा, असा बंदोबस्त. बंदोबस्त चोख लागू पडला. 'दोनच मिनिटांचे काम आहे' असे आता कोणी म्हणत नाही, आत हाकही मारीत नाही. मात्र पूर्वी जे लोक दिवसाच्या कोणत्याही प्रहरी उगवत ते सर्व आता पहाटे माझ्या प्रार्थनेच्या वेळेवर, घंटा दिल्यासारखे येतात, आणि मी बाहेर येतो तेव्हा डब्याच्या तळाशी फक्त चुरा असतो. परवा त्यांतले एक शेजारी तो चुरा तळहातावर घेत मला म्हणाले, 'सलाम, मास्तर! एक विचारू का? तुम्ही संध्याकाळची प्रार्थना कधी सुरू करताय?'